दोन बोटांनी उंच

२ फेब्रुवारी

या गाडीत माझ्या हाताने केलेलं काय काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की गॅरेजमधून करून आणलं.

पलंग, जो दुमडला की बाक होतो. ओटा आणि त्यातलं बेसिन. ओट्याखालची पाण्याची टाकी, तिचा पायाने दाबायचा पंप. चार कपाटं, कितीही करकचून वळण घ्या, एकाचंही दार उघडत नाही. खिडक्यांच्या जाळ्या. सगळं वायरिंग, लाल तार लाल जागी आणि काळी काळ्या. फ्रिज भंगारातून उचलला आणि जिवंत केला. लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, तेव्हा त्याचं कौतुक मी स्वतः सांगत नाही.

आणि छत. मूळ छत कापून सहा इंच वर उचललं. फासळ्या मी वाकवल्या, पत्रा मी ठोकला, सांधे मी भरले. वर हवेसाठी झरोका बसवला. दिवसभर पाइपने पाणी मारलं, आत थेंब नाही. तयार गाड्या मिळतात त्यांत माझ्या उंचीच्या माणसाला मान खाली घालून वावरावं लागतं. मी माझ्या गाडीत ताठ उभा राहतो आणि डोक्यावर एक बोट जागा उरते.

ही, म्हणजे माझी बायको, पाच फुटांची. हिचा हात वरच्या कपाटांना पोचत नाही, म्हणून हिला एक स्टूल केलं. तेही यादीत धरावं.

या एकवीस तारखेला हिला पन्नास पूर्ण होतात. लेक शेवटच्या बेटावर असते, तिथल्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत कामाला आहे. दोन वर्षांत घरी आली नाही. वाढदिवसाला तिच्या दारात गाडी उभी करायची, तिघांनी एकत्र जेवायचं, असा बेत आहे. वाटेत तीन बेटं. प्रत्येक बेट गाडीने पार करायचं आणि टोकाला फेरीबोटीत चढवून पुढच्या बेटावर उतरायचं. फेरीबोटींची मापं, पुलांच्या कमानी, झाडांच्या फांद्या कुठे खाली येतात, सगळं महिनाभर आधी विचारून घेतलंय.

मेहुणे इंजिनियर आहेत. निघताना म्हणाले, "भावोजी, डबा चाळीस किलोमीटर गेला तरी मी मिशी काढेन." आज पहिलं बेट संपलं. फोन करून मिशीची चौकशी केली.

५ फेब्रुवारी

दुसरं बेट झालं. रस्ता समुद्राला अगदी चिकटून, एका बाजूला नारळ आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हिला तीन ठिकाणी थांबायचं होतं. एका ठिकाणी थांबलो. वाळूत चाक रुतलं की काढायला ट्रॅक्टर लागतो, हे हिला कोण सांगणार? ही म्हणाली, "चाक वाळूत घाला असं कुठे म्हणतेय मी? मी उतरते, तुम्ही बसा."

उतरली आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. मी तोवर मागच्या दिव्याचा होल्डर घट्ट केला.

झोपताना हिला दार उघडं हवं असतं. मी म्हणतो, खिडक्या आहेत, झरोका आहे, हवा पंख्याने खेळती आहे. म्हणते, "हवा आहे हो. मोकळं वाटत नाही." हवा असताना मोकळं कसं वाटत नाही, हे मला कळलेलं नाही. पंख्याचा वेग वाढवला.

९ फेब्रुवारी

तिसऱ्या बेटाच्या धक्क्यावर अडकलो आहोत.

इथून पुढे जाणारी मोठी फेरीबोट बंद पडली आहे. तिची गाड्या चढवायची फळी मोडली. फळी म्हणजे काय, लोखंडी दारच ते, बिजागरीतून फाटलंय. नवीन भाग बाहेरून यायचाय. कधी, असं विचारलं तर तिकिटाच्या खिडकीतला म्हणाला, "पुढच्या महिन्यात." कुठल्या महिन्याच्या पुढच्या, ते बोलला नाही.

छोटी बोट चालू आहे. तिच्यात माणसं बसतात आणि चार-सहा गाड्या मावतात. पण तिची वरची केबिन गाड्यांच्या जागेवर आडवी आली आहे. खालून जाणारी गाडी सव्वाआठ फुटांच्या आत हवी. आमची आठ फूट आठ इंच. पाच इंच जास्त.

मी मोठ्या बोटीचं माप घेतलं होतं. छोटी बोट माझ्या आखणीतच नव्हती. तेव्हा ही चूक माझी नाही, एवढं इथे स्पष्ट लिहितो.

ही धक्क्यावरच्या उपाहारगृहाच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "माणसांना जाता येतंय ना?"

म्हटलं, "माणसांचा प्रश्नच नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी

झरोका काढला. दोन इंच कमी झाले. भोकावर पत्रा मारून सांधा भरला.

चारही चाकांतली हवा कमी केली. दीड इंच.

उरले दीड इंच. म्हणजे माझी दोन बोटं. तिकीटवाला खिडकीतून मान काढून बघत होता. म्हणाला, "हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात ते हेच." त्याच्या मागे उभे होते ते सगळे हसले, आणि मला ऐकू आलं त्यात हीसुद्धा होती. मागाहून विचारलं तर म्हणाली, "मग काय रडू?"

दुपारी गाडीत बसवत नाही. झरोका गेल्यामुळे पत्रा तापतो आणि खाली उतरतो ती वाफच. मी आतून थर्माकोल लावायला घेतला. ही उपाहारगृहात जाऊन बसते. ते चालवणारी बाई साठीची आहे. तिचा नवरा फेरीबोटीचा कप्तान होता, तो गेला, पण पदवी तिला चिकटली. सगळे तिला कप्तानबाई म्हणतात. आवाज भोंग्यासारखा आहे.

१३ फेब्रुवारी

धक्क्यापासून जवळच एक वेल्डर आहे. बोटींची कामं करतो. हात चांगला आहे, मी बारकाईने पाहिलं. त्याला गाडी दाखवली. त्याने छतावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणाचं काम?"

"माझं."

"नुसतं बघून कळलं नाही कुठे जोडलंय ते," तो म्हणाला. मनाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाला, "उद्या सकाळी आणा. फासळ्यांच्या मुळाशी कापतो, दोन बोटं खाली बसवतो, संध्याकाळी घेऊन जा. परवाच्या बोटीत गाडी."

मी त्याला समजावून सांगितलं. आत माझ्या डोक्यावर एक बोट जागा आहे. छत दोन बोटं खाली आलं की मला एक बोट वाकून राहावं लागेल.

तो म्हणाला, "एकच बोट ना?"

म्हटलं, "एक बोट आज. ही गाडी काय एका दिवसासाठी बांधली आहे?"

ही शेजारी उभी होती. वेल्डरला म्हणाली, "राहू दे दादा. तुमचा वेळ घेतला." आणि निघाली. वाटेत पुढे पुढे चालत होती. मी तिला सांगत होतो की फासळी एकदा मुळाशी कापली की तिची मूळ ताकद परत येत नाही, धातूचं तसं असतं. तिने विचारलं, "आणि माणसाचं?" विषय कुठला कुठे नेते.

१४ फेब्रुवारी

कप्तानबाई हिला पोहायला शिकवते आहे. पन्नाशीला! मी धक्क्यावरून पाहिलं. कप्तानबाईचा हात पोटाखाली, आणि ही पाय मारतेय. "सोड पाय, सोड! समुद्र धरून ठेवतो, तू नको धरूस!" असं ती ओरडत होती. ही पाणी प्याली, खोकली, आणि एवढ्या मोठ्याने हसली की बोटीवरचे लोक वळून बघायला लागले. हिचं असं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. लग्नाआधी ऐकलं होतं बहुतेक.

ओल्या अंगाने गाडीत यायची म्हणून मी पायपुसणं दोन पदरी करून ठेवलं. ती आलीच नाही, कप्तानबाईकडेच अंघोळ केली. जेवायलाही तिकडेच. म्हणाली, तिकडे पाय पसरून बसता येतं.

थर्माकोल लावून झाला. आतून छत आणखी अर्धं बोट खाली आलं. आता डोक्यावर अर्धं बोटच जागा आहे.

१६ फेब्रुवारी

आज सकाळी कप्तानबाई गाडी बघायला आली. प्रत्येक कपाट उघडलं, पंप दाबला, फ्रिजच्या दाराचं रबर दाबून पाहिलं. मग म्हणाली, "मला द्या ही. धक्क्याच्या शेजारी कायमची उभी करते. सरबत-चहा यातूनच विकेन. आठ लाख."

मी हसलो. म्हटलं, "विकायला नाही."

"खर्च किती आलाय तुम्हाला?"

"सामानाला पाच. हाताचे पैसे धरलेले नाहीत."

"मग तीन लाख हाताचे देते की. हात शाबूत राहतायत, दुसरी बांधा. ठेंगणी."

ही म्हणाली, "अहो, विचार तरी करा. नसेल विकायची तर कुलूप लावा. या नजर ठेवतील. आपण बोटीने जाऊ, लेकीकडे राहू, वाढदिवस झाला की परत येऊ."

म्हटलं, "खाऱ्या हवेत बंद गाडी चार दिवसांत गंज धरते. बॅटरी उतरेल. फ्रिज बंद पडेल. आणि लेकीच्या दारात काय, पिशवी घेऊन उतरायचं? सगळ्यांना सांगितलंय मी गाडी दारात उभी करणार म्हणून."

"सगळ्यांना म्हणजे माझ्या भावाला."

मी फ्रिजचं दार नीट लावलं. ती कप्तानबाईकडे वळून म्हणाली, "उंटावरच्या शहाण्याची गोष्ट माहीत आहे ना? दार पाडा म्हणतो, वासराची मान कापा म्हणतो, पण उंटावरून उतरत नाही."

कप्तानबाई म्हणाली, "इथे तर उंटपण त्यानेच बनवलाय. कसा उतरेल?"

दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. वासराचा आणि छताचा संबंध काय?

१७ फेब्रुवारी

ही दुपारी आत आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आईकडून माझ्या वाट्याला आलेले ते चार लाख आहेत ना, माझ्या नावावर ठेवलेले? ते मी मोडतेय."

"कशाला?"

"पन्नाशी आहे. स्वतःला काहीतरी घेईन म्हणते."

"या बेटावर चार लाखांचं काय मिळतं? शंख?"

"मिळतं एक. जुनं आहे. अवजड आहे. पण मला हवंय."

मी म्हटलं, जुनी वस्तू घेताना मला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस, लोक फसवतात. बिजागऱ्या बघाव्या लागतात, गंज बघावा लागतो.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बघितलंय मी. सगळं बघून घेतलंय."

तिचे पैसे आहेत, मी काय बोलणार. पण मुदत पुरी व्हायला थोडेच महिने राहिले असताना ठेव मोडणं शहाणपणाचं नाही, एवढं सांगितलं.

१८ फेब्रुवारी

ही गेली. लेकीकडे.

सकाळीच एक पिशवी भरली. मला म्हणाली, "चला." मी म्हटलं, मोठ्या बोटीचा भाग कधीही येईल, मी इथे असलो तर पहिल्या खेपेत गाडी लागेल. "मग लगेच येतो मागून."

"माझा वाढदिवस एकवीसला आहे. बोटीचा नाही."

"मला माहीत आहे कधी आहे ते. त्यासाठीच तर गाडी बांधली."

"कोणासाठी बांधलीत?" तिने विचारलं. रागाने नाही. खरोखर विचारल्यासारखं.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी. सगळ्यांना सांगितलंय."

ती मान हलवून हसली. बोटीच्या फळीवर चढताना थांबली आणि म्हणाली, "ही बोट रोज चारला सुटते. दारातून बाहेर यायला तर तुम्हाला वाकावं लागत नाही ना? दार तर उंच केलंयत."

मी म्हटलं, पोचलीस की फोन कर, आणि तिकडचं पाणी उकळून पी. बोट सुटली. कप्तानबाईने हात हलवला, हिने हलवला. मीही हलवला, पण तोवर ती पाण्याकडे बघायला लागली होती.

काल बराच वेळ या दोघी मागच्या अंगणात बोलत बसल्या होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या. बायकांचं काहीतरी.

१९ फेब्रुवारी

पलंग आज दुमडलाच नाही. एकट्याला काय करायचंय बाकाचं.

गाडीत जागा भरपूर वाटते. तरी दुपारभर दार उघडं ठेवून पायरीवरच बसलो होतो.

मोठ्या बोटीच्या भागाचं विचारलं. तिकीटवाला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही रोज विचारता म्हणून तो लवकर निघणार नाही."

कप्तानबाईने जेवायला बोलावलं. गेलो नाही. फ्रिजमध्ये आहे की सगळं.

२१ फेब्रुवारी

सकाळी लेकीचा फोन आला, चेहरा दिसणारा. आधी हिला दाखवलं. हिने केस मोकळे सोडले होते. हातात काही नवीन वस्तू दिसते का ते मी बघत होतो, काही नव्हतं. विचारलं, "घेतलंस का ते तुझं?"

ही म्हणाली, "सांगून ठेवलंय. बघू आज मिळतं का."

शुभेच्छा दिल्या. पन्नास वर्षांची वाटत नाहीस म्हटलं. ते खरंच होतं. ती म्हणाली, "पोहून आलेय."

मग लेकीने फोन घेतला. तिची खोली फिरवून दाखवली. छोटी आहे, पण छत उंच आहे, हे मी लगेच ओळखलं. खिडकीपाशी टेबल होतं आणि त्यावर तीन ताटं मांडली होती. ताटं एका सरळ रेषेत नव्हती, तिला लहानपणापासून ती सवय नाही.

"रजा काढलीय आज," ती म्हणाली. "रात्री आठला जेवायचं. चारची बोट साडेसहाला इथे लागते. बाबा, तिसरं ताट वाढू की झाकून ठेवू?"

म्हटलं, "झाकून कशाला ठेवतेस? तुम्ही जेवा. मी गाडी घेऊन येतोच."

ती म्हणाली, "मला गाडी बघायची नाहीये, बाबा." आणि फोन तिच्या आईकडे दिला. हिने ठेवून दिला. तिकडे आवाज नीट येत नसेल.

तीन वाजून गेले असतील. कप्तानबाई आली. आज आवाज भोंग्यासारखा नव्हता. पायरीवर बसली. म्हणाली, "बारा."

मला वाटलं वेळ सांगतेय. "काय बारा?"

"बारा लाख. गाडीचे. आणि छताला कोणी हात लावणार नाही. जशी आहे तशी, ताठ उभी ठेवेन. तुमचं नाव लिहीन हवं तर, कोणी बांधली म्हणून."

पाच दिवसांत चार लाखांनी भाव वर गेला. कामाची पारख व्हायला वेळ लागतो, पण होते. मी तिला विचारलं, "आठावरून एकदम बारा? सरबत विकून फिटेल का?"

ती म्हणाली, "माझे आठच आहेत."

म्हणजे कोणीतरी भागीदार धरला असणार. मी विचारलं, "आणि वरचे चार कोणाचे?"

"खरंच कळत नाहीये तुम्हाला?" म्हणाली. "एवढं बारीक बघता सगळं."

म्हटलं, "धंद्यात भागीदार लपवतात, मला काय कळत नाही? पण ज्याचे पैसे आहेत त्याने समोर येऊन बोलावं. मी पडद्याआडच्या माणसाशी व्यवहार करत नाही."

"समोरच बसून बोलली होती ना," ती म्हणाली. म्हणजे भागीदार बाई आहे. मग तिने कनवटीला खोचलेला कागद काढून पायरीवर ठेवला, वर माझी पक्कड वजन म्हणून ठेवली. चारच्या बोटीचं तिकीट होतं. "हेही त्यातच धरा. पिशवी भरायला दहा मिनिटं पुरतात. मिस्त्री, आज उठा."

मी तिला सांगितलं की बाई, तुमचा मान राखतो, पण ही गाडी विकायला काढलेली नाही. आज बारा देतायत, म्हणजे उद्या पंधरा देतील, आणि पंधराला दिली तर लोक म्हणतील वीस आले असते. शिवाय जी वस्तू मी बायकोच्या पन्नाशीसाठी बांधली ती तिच्या वाढदिवशीच फुकून टाकू? तिला काय वाटेल?

कप्तानबाई उठली. उपाहारगृहाच्या दाराशी जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलताना दिसली, एक हात डोळ्यांवर धरून. ऊन होतं.

बोटीने पहिला भोंगा दिला तेव्हा मी आत येऊन उभा राहिलो. दुसरा दिला तेव्हा ओट्यावरचा नळ तपासत होतो, थेंब गळतोय असं वाटलं, पण नव्हता गळत. तिकीटवाला खिडकीतून "मिस्त्री!" असं एकदा ओरडला. मग फळी उचलल्याचा आवाज आला, आणि इंजिनाचा, आणि मग तोही कमी होत गेला. मी आत ताठ उभा होतो. पत्रा एवढा तापला होता की केसांना झळ लागत होती, पण वाकलो नाही.

मागणी आली होती हे विसरायला नको म्हणून आजच्या तारखेला लिहून ठेवतो. मी नाही म्हणालो ती रक्कम: बारा लाख, रोख, आणि वर चारच्या बोटीचं एक तिकीट.